ओली फरशी, गुळगुळीत चप्पल आणि आपली हाडं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेतल्या बचत गटाच्या बायका. आज आम्ही कर्जाबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय ते पायाखालच्या जमिनीबद्दल. काम करताना पाय घसरतो, बाई पडते, आणि मग घर, गट, कमाई सगळंच लंगडायला लागतं. हे पडणं बऱ्याच वेळा टाळता येतं. कसं, ते आज सांगतो.

आधी आमची ओळख. बुधवार पेठ म्हणजे दगडूशेठ हलवाई गणपतीची, तुळशीबागेची, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांची पेठ. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडाही इथलाच. तुमच्यापैकी पुष्कळ जणी लग्नाच्या खरेदीला तुळशीबागेत येऊन गेल्या असतील. त्या गर्दीच्या मागे इथे कितीतरी बायका राबत असतात. कुणी देवळाबाहेर हार-फुलं विकते, कुणी दुकानांची झाडलोट करते, कुणी चार घरची धुणीभांडी करते. आम्ही अकरा जणी पोळी-भाजी केंद्र चालवतो. केंद्र एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी, दाराशी दोन दगडी पायऱ्या आणि माळ्यावर जायला लाकडी जिना. तुमच्याकडे शाळेच्या पोषण आहाराचं स्वयंपाकघर असेल, पापड-मसाल्याची शेड असेल, दूध संकलन केंद्र असेल, नाहीतर घरचा गोठा असेल. जागा वेगळी, पण ओली फरशी आणि झिजलेली चप्पल सगळीकडे सारखीच.

"पडली, त्यात काय एवढं?" असं आपण सहज म्हणतो. पण जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बघा. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो.

आपल्या महाराष्ट्राने तर याचं फार मोठं दुःख पाहिलंय. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा. डोंगरावरची चिंचोळी वाट, पायऱ्या, लाखोंची गर्दी, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडा झालेला दगड. काही भाविक घसरून पडले, मागून रेटा आला, चेंगराचेंगरी झाली, पुढे दुकानांना आगी लागल्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी गर्दी होती, आग होती, पुष्कळ कारणं होती. पण त्या कारणांत ओला दगड आणि अनवाणी पायही होते, हे विसरून चालणार नाही. नारळाचं पाणी, फुलांच्या पाकळ्या, तेल, दूध, साबण, शेवाळ ही सगळी आपल्या रोजच्या ओळखीची मंडळी. दगडावर पडली की तीच घात करतात.

पाय घसरतो म्हणजे नक्की काय होतं?

पाय जमिनीला धरून राहतो तो घर्षणामुळे. जात्याचं उदाहरण घ्या. जात्याचे दगड वापरून वापरून गुळगुळीत झाले की दळण नीट होत नाही. मग आपण पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावून घेतो. दगड खडबडीत झाला की पुन्हा धान्य धरतो. फरशीचं आणि चपलेच्या तळव्याचंही तसंच. दोन्हींतलं एक तरी खडबडीत हवं. दोन्ही गुळगुळीत आणि मध्ये पाणी, म्हणजे पाय पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. तेल असेल तर आणखी वाईट, कारण तेल पाण्यासारखं चटकन बाजूला सरकत नाही आणि वाळतही नाही.

कोरडं पीठसुद्धा घसरवतं, हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. तांदळाची पिठी, बेसन, पापडाची लाटी लाटताना उडणारं पीठ, हे फरशीवर बारीक छर्ऱ्यांसारखं पायाखाली गडगडतं. भाताची शितं, कोथिंबिरीच्या काड्या, भाजीची सालं, केळीचं साल यांचंही तेच.

आता चाल बघा. चालताना आपली टाच आधी टेकते, तीही तिरकी. म्हणून बहुतेक वेळा टाचच पुढे सटकते आणि माणूस मागच्या मागे आपटतो. मार बसतो तो खुब्याला, माकडहाडाला, डोक्याला. ठेच लागून पडलं तर उलट होतं. माणूस तोंडावर जातो, हात पुढे टेकतो, आणि मनगट किंवा गुडघा जातो. म्हणून घसरणं वेगळं आणि अडखळणं वेगळं. घसरणं थांबवायला फरशी आणि चप्पल सुधारायची. अडखळणं थांबवायला वाट मोकळी करायची आणि उजेड करायचा.

आमच्याच गटातलं सांगतो. गेल्या श्रावणात, सणाची ऑर्डर चालू असताना, एका ताईंचा मोरीच्या काठाशी पाय घसरला. हातात रिकामं पातेलं होतं, म्हणून भाजल्या नाहीत. पण मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पोळ्या लाटणारा उजवा हात. त्यांच्या घरी तेवढीच एक नियमित कमाई. पहिल्या दिवशी जो तो म्हणत होता, "ताईंचं लक्ष नव्हतं", "साडेसाती चालू असेल". पण बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, "लक्ष तर आपल्या कुणाचंच चोवीस तास नसतं. पाय घसरला तिथे काय होतं ते बघा की." मग आम्ही सगळ्या त्या जागेवर गेलो. भांडी विसळल्याचं पाणी मोरीबाहेर येत होतं. फरशी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली. खाली ओलं गोणपाट, तेच सरकत होतं. आणि ताईंची स्लिपर टाचेखाली आरशासारखी झिजलेली. चार कारणं एका जागी. त्यांतलं एक जरी नसतं तरी ताई कदाचित सावरल्या असत्या. म्हणून आम्ही दोष माणसाला देत नाही, जागेला देतो. जागा दुरुस्त करता येते.

चप्पल उलटी करून बघा

आता जिथे बसल्या असाल तिथे पायातली चप्पल काढा आणि उलटी करा. तळव्यावर नक्षी दिसते का? टाचेखाली आणि अंगठ्याच्या मागच्या चवड्याखाली हात फिरवा. तिथे गुळगुळीत लागलं तर ती चप्पल ओल्या जागेवर वापरायची नाही, वरचे पट्टे कितीही नवे असोत. ही नक्षी शोभेसाठी नसते. पावलाखालचं पाणी बाहेर पडायला त्या वाटा असतात. टायरला जशा खाचा असतात तशाच. खाचा पिठाने किंवा चिखलाने भरल्या असतील तर जुन्या ब्रशने घासून मोकळ्या करा. भरलेली खाच आणि झिजलेली खाच सारखीच.

विकत घेताना काय बघायचं?

पहिलं, मागे पट्टा हवा. अंगठ्याची हवाई चप्पल पायातून सुटते, ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि ओली झाली की पाय आतल्या आतच सरकतो. पुढून बंद आणि मागे पट्टा असलेली वहाण सगळ्यात बरी. गरम आमटी पायावर सांडली तर पुढचा भाग बोटांना वाचवतो.

दुसरं, तळवा मऊ रबराचा हवा. नखाने दाबून बघा, थोडा दबला पाहिजे आणि वाकवला तर वाकला पाहिजे. कडक प्लास्टिकचा तळवा ओल्या फरशीवर काचेसारखा चालतो. अगदी हलक्या फोमच्या स्लिपर आरामाच्या असतात खऱ्या, पण लवकर झिजतात. आपली कोल्हापुरी कोरड्या मातीवर, वावरात, जत्रेत छान. ओल्या टाइल्सवर तिचा चामड्याचा तळवा घसरतो.

तिसरं, टाच सपाट आणि रुंद हवी.

चौथं, माप बरोबर हवं. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा खरेदीला जा. थोरल्या लेकाचे जुने बूट आईने घालायचे, हे आपल्या घरांत चालतं. मोठा बूट म्हणजे ठेच ठरलेली.

दूध केंद्रात, गोठ्यात, मासळीच्या कामात खोल नक्षीचे गमबूट घ्या. कारखान्यात वापरायचे सुरक्षेचे बूट घेणार असाल तर आयएसआयची खूण आणि १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघा. दुकानदाराला सरळ विचारा, "हा बूट तेलकट फरशीवर चालेल का?" बायकांच्या मापाचे बूट दुकानात सहज मिळत नाहीत. अशा वेळी गटाने सगळ्यांची मापं कागदावर घेऊन एकत्र मागणी केली तर दुकानदार मागवून देतो, भावही उतरतो.

"अन्नाजवळ वहाण? नाही हो चालायचं!"

हा प्रश्न तुमच्याकडेही येणार. आमच्याकडे तो फार जोरात आला. चुलीजवळ, अन्नाजवळ पायात काही घालायचं नाही ही आपली रीत. तिच्यामागे स्वच्छतेचा विचार आहे. रस्त्यावरची घाण स्वयंपाकघरात येऊ नये. हा विचार आम्हाला मोडायचा नव्हता. पण अनवाणी पाय ओल्या फरशीवर पूर्ण सुरक्षित नाहीत. साबणाच्या किंवा तेलाच्या पाण्यात अनवाणी पायही सटकतो, आणि गरम तेल, पडलेली सुरी, फुटलेली काच यांपासून त्याला काहीच आडोसा नाही.

दोन बैठका यावर खर्ची पडल्या. शेवटी तोडगा काकूंनीच काढला. प्रत्येकीची एक वेगळी जोडी, जी उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही. रस्त्यावरची चप्पल दाराबाहेर, आतली जोडी दारातल्या फळीवर. रोज काम संपलं की साबणाने धुऊन उभी करून ठेवायची. देवाच्या कोनाड्यापुढे जाताना ती काढायची. आता काकूच नव्या येणाऱ्या मुलीला आधी पाय धुऊन जोडी घालायला लावतात. रीत राहिली आणि पायही वाचले. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी हे शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे जरूर मांडावं.

साडीचंही बघा. पदर खोचलेला आणि काठ घोट्याच्या वर हवा. निऱ्या पायात येऊन पडणाऱ्या बायका कमी नाहीत.

फरशी: कोणती, कशी

नवी शेड बांधणार असाल तर हा भाग वहीत लिहून घ्या, कारण एकदा फरशी बसली की बदलणं महाग पडतं.

चकचकीत टाइल्स दुकानात सुंदर दिसतात. कामाच्या ओल्या जागेत त्या नकोत. तिथे मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, खरखरीत टाइल्स मागा. काही टाइल्सच्या खोक्यावर आर ९, आर १० असे अंक असतात. ते आर १३ पर्यंत जातात. अंक जितका मोठा, तितकी फरशी जास्त धरणारी. आर ९ कोरड्या खोलीला ठीक. पाणी-तेलाच्या स्वयंपाकघरासाठी त्याहून वरचा अंक विचारा. अंक नसेल तर दुकानातच एका टाइलवर पाणी ओता आणि अंगठा दाबून सरकवून बघा. फार खडबडीत टाइलही नको, कारण तिच्यात पीठ-तेल अडकतं आणि घासता येत नाही.

शहाबादी फरशी मुळात बरी असते. घोटलेला कोटा आणि घोटलेला शहाबाद ओला झाला की घसरतो. मोरीजवळ, दाराशी, पायऱ्यांवर न घोटलेला दगडच घ्या. जुना दगड गुळगुळीत झाला असेल तर पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेता येते. जात्याला लावतो तशीच.

कोबा करणार असाल तर गवंडी दादांना सांगा, वर निरू घोटून आरसा करू नका. कोबा ओला असतानाच त्यावर खराट्याने किंवा कडक ब्रशने आडव्या रेघा ओढून घ्या. खर्च काही नाही आणि पाय धरतो. गोठ्यात खाचा थोड्या खोल घ्या. त्याने गाय-म्हैसही घसरत नाही, आणि जनावर घसरलं की किती नुकसान होतं ते तुम्ही आम्हाला सांगायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचा उतार. पाणी जिथे साठतं तिथे पाय घसरतो आणि शेवाळही धरतं. दहा फुटांना एक ते दीड इंच उतार मोरीकडे किंवा नालीकडे हवा. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी आपोआप वाहून गेलं तर गवंडी दादांचे पैसे चुकते करा, नाहीतर आधी दुरुस्ती.

आणि आमच्यासारखी भाड्याची जागा असेल, फरशी बदलता येत नसेल तर? आम्ही तीन गोष्टी केल्या. मोरीच्या काठाला विटेची चार बोटं उंच कड बांधली, त्यामुळे पाणी बाहेर येणं थांबलं. ती अडखळू नये म्हणून तिला पिवळा रंग दिला. भांडी घासायच्या आणि शेगडीच्या जागी भोकांची जाड रबरी मॅट टाकली. पाणी भोकांतून खाली जातं, पाय वर कोरडा राहतो. ती रोज उचलून दोन्ही बाजूंनी धुवावी लागते. दगडी पायऱ्यांच्या कडेला पॉलिश पेपरसारखी खरखरीत चिकटपट्टी लावली. गोणपाट, जुनी साडी, पायपुसणं या गोष्टी ओल्या जागेतून कायमच्या हद्दपार केल्या.

तेल सांडलं तर

तेल सांडलं की पहिली चूक होते ती ओलं फडकं फिरवण्याची. त्याने तेल निघत नाही, पातळ होऊन चारपट जागेत पसरतं. क्रम असा ठेवा. एकीने तिथेच उभं राहायचं आणि इतरांना अडवायचं. त्यावर राख, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकायची. ते तेल शोषतं. मग सुपलीने खरवडून उचलायचं. नंतर गरम पाणी आणि धुण्याची पावडर टाकून ब्रशने घासायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. साबण धुतला गेला नाही तर तेलाच्या जागी साबणाची निसरण होते. राखेचा एक डबा शेगडीपासून हाताच्या अंतरावर कायम भरलेला ठेवा.

दूध सांडलं तर आधी गार पाण्याने धुवा, मग सोड्याच्या गरम पाण्याने. दुधातली साय-चरबी फरशीवर न दिसणारा थर धरते. कोरडं पीठ झाडूनच उचला. पाणी मारलं की त्याची खळ होते.

पावसाळ्यात अंगणात, हौदाशी, शेडच्या मागे शेवाळ धरतं. ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते, ती पाण्यात कालवून शेवाळावर टाका. पंधरा-वीस मिनिटांनी तारेच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. नाकातोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टीसीएल पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

पायऱ्या, उंबरठा आणि उजेड

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांहून उंच नको, आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास दहा इंच तरी हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पायाला उंचीची सवय होते. एकच पायरी अर्ध्या इंचाने वेगळी असली तरी तिथेच ठेच लागते. जिन्याला एका बाजूला तरी कठडा किंवा घट्ट दोर हवा.

डोक्यावर हंडा किंवा हातात मोठं पातेलं असेल तर आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. म्हणून जड भांडं दोघींनी धरायचं, अर्धंच भरायचं, आणि उचलायच्या आधी वाट बघून घ्यायची. गरम भांडं घेऊन निघताना आमच्याकडे "गरम, गरम!" अशी हाळी देतात. ऐकायला गंमत वाटते, पण सगळ्या बाजूला होतात.

बल्बचं बटण दाराशीच हवं, अंधारात चाचपडत आत जायला नको. मिक्सरची वायर वाटेवरून नको. उंबरठ्याला पिवळा किंवा पांढरा पट्टा द्या. माळ्यावरचं काढायला खुर्चीवर डबा ठेवून चढायचं नाही. शिडी घ्या आणि एकीने खालून धरा.

एवढं करूनही कुणी पडलीच तर

पडलेल्या बाईला लगेच बखोट धरून उभं करू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय. खुब्यात कळ असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळलं असेल, तर हाड मोडल्याची शक्यता असते. मानेत-पाठीत दुखत असेल तरी हलवू नका. १०८ ला फोन करा. हात मोडल्यासारखा वाटला तर लाकडी पट्टी किंवा जाड पुठ्ठा लावून ओढणीने गळ्यात अडकवा. तेल चोळणं, ओढून हाड बसवणं, हळदीचा लेप देऊन आठ दिवस वाट बघणं यात हात कायमचा वाकडा राहू शकतो. डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ आढळला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. भाजलं असेल तर वीस मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होत जातात. तरुणपणी ज्या पडण्याने नुसतं खरचटतं, त्याच पडण्याने पन्नाशीनंतर खुबा मोडू शकतो. म्हणून ओल्या जागेचं काम थोरल्या बाईकडे आणि बसून करायचं काम तरुण मुलीकडे, अशी वाटणी असेल तर ती उलटी करा. कुणाला चक्कर येत असेल, रक्त कमी असेल, चष्मा बदलायचा राहिला असेल, तर तेही घसरण्याचंच कारण आहे.

पैसा कुठून आणायचा?

१९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमात लिहिलं होतं की फरशी, पायऱ्या, जिने मजबूत असावेत, वाटेत अडथळे आणि घसरवणारे पदार्थ नसावेत, गरज असेल तिथे कठडा असावा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य मानलंय. दुसऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या ताईंनी हे जरूर सांगावं. पण बचत गटाच्या शेडमध्ये मालकही आपण आणि मजूरही आपणच. तपासायला कुणी येणार नाही. तपासणी आपली आपणच करायची.

आम्ही ठराव केला की चपलेची जोडी हा गटाचा खर्च, जसा लाटण्या-पोळपाटाचा. प्रत्येक ऑर्डरच्या नफ्यातून थोडी रक्कम बाजूला पडते, ती फक्त फरशी, चपला, उजेड यांसाठी. आजारी बाईला पहिला आठवडा अर्धा रोज त्यातूनच मिळतो. ताईंच्या मनगटासाठी आम्ही अंतर्गत कर्ज दिलं, पण कर्ज ते कर्जच. प्लास्टर निघाल्यावर हप्ते सुरू झाले आणि मोडलेल्या हाताची किंमत अकरा जणींना कळली. गावात ग्रामसंघाकडे जोखीम निधी असतो, त्याचीही चौकशी करा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येकीने घ्यावी. १८ ते ७० वर्षांपर्यंत, वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख मिळतात. मात्र साधं हाड मोडलं तर यातून दवाखान्याचा खर्च मिळत नाही. तो खर्च टाळायला चांगली चप्पलच कामाला येते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी चार कामं. एक, सगळ्यांनी चपला उलट्या करून बघायच्या, झिजलेल्यांची यादी करायची. दोन, कामाच्या जागेत बादलीभर पाणी ओतून ते कुठे साठतं तिथे खडूने खूण करायची. तीन, गेल्या वर्षभरात कोण, कुठे घसरलं ते विचारायचं, न पडता सावरलेल्यासुद्धा मोजायच्या. चार, यातली कोणती एक दुरुस्ती या महिन्यात करायची, कुणी करायची आणि किती खर्चात, याचा ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्यायच्या. सगळं एका महिन्यात होत नाही. आमचा लाकडी जिना अजून तसाच आहे, कठड्यासाठी घरमालकांशी बोलणं चालू आहे. तोवर वर जाणारी बाई रिकाम्या हाताने जाते आणि सामान दोराने वर ओढतो.

तुमच्या गटाने काय केलं ते आम्हाला जरूर कळवा.